एका हाताची लिफ्ट

बाई, गेल्या महिन्यात परळच्या एका इस्पितळात, फिजिओथेरपीच्या खोलीत मला ती भेटली. माझा उजवा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा तिथे जायचं, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं आणि एका रेघेपाशी येऊन अडकायचं. शेजारच्या टेबलावर चष्मा लावलेली, केस बारीक कापलेली एक स्त्री डाव्या कोपराला शेक घेत बसली होती. तिने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि मग म्हणाली, "अजून खांदा कानाला नेऊन चिकटवतोस. बाई ओरडल्या असत्या." तीस-बत्तीस वर्षांनी तिचा आवाज ऐकत होतो. जिला मी स्केटिंगच्या जोडीत वर्षभर डोक्यावर उचललं आणि एका संध्याकाळी सिमेंटवर पडू दिलं, ती. आम्ही चहा प्यायलो. तिने मुलीचं सांगितलं, मी मुलाचं सांगितलं. उठताना ती म्हणाली, "एक गोष्ट मला अजून कळत नाही. बाई एवढ्या कडक, आणि त्या दिवशी त्यांनी आपल्याला ती लिफ्ट त्या समोर नसताना करायला कशी सांगितली?" मी मान हलवली. मलाही कळत नाही, अशा अर्थाने हलवली. त्या रात्रीपासून नीट झोप लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

क्रमाने लिहितो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. लालबागला चाळीत राहायचो, सकाळी व्यायामशाळेत जोर-बैठका काढायचो आणि संध्याकाळी दादरच्या त्या मैदानाच्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या रिंकवर चार चाकांचे स्केट्स बांधून शर्यती लावायचो. दर शर्यतीत मी चौथा यायचो. तुम्ही फोर्टच्या सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होतात. सहाच्या सुमारास यायचात, पर्स भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचात, ओढणी कमरेला गाठ मारून बांधायचात आणि स्केट्स चढवायचात. फिगर स्केटिंग, त्यातही मुलगा-मुलीची जोडी शिकवणाऱ्या तिथे तुम्ही एकट्याच. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई एका पायावर मागे मागे जाताना बघायला रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबायची. एकदा शर्यत संपल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. "तू चौथाच येत राहणार," म्हणालात, "पाय जड आहेत तुझे. पण खांदे चांगले आहेत. उचलायला शिकतोस का?"

मी हो म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की लगेच एखादी मुलगी उचलायला मिळेल. तुम्ही म्हणालात, "आधी मला उचल." कट्ट्यावर माझ्या शर्यतीच्या ग्रुपची पोरं बसलेली. माझ्या आईच्या वयाच्या बाईंच्या कमरेला हात लावायचा या विचारानेच माझे कान गरम झाले. मी बोटांची टोकं टेकवली. "सुरमई विकत घेतोयस का? हात ठेव नीट," असं तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. पोरं हसली. मी दात आवळून सगळा जोर खांद्यांत आणला आणि तुम्ही जमिनीवरून वीतभरही हलला नाहीत. मग तुम्ही शांतपणे समजावलंत. खांद्याने उचलायचं नाही, मांड्यांनी उचलायचं. दोघांनी एकाच वेळी गुडघे वाकवायचे, एकाच वेळी वर यायचं. ती उडी मारते, आपण फक्त ती उडी खाली येऊ द्यायची नाही. "ती म्हणजे गोणी नाही. ती पण काम करत असते. तिचं काम तिला करू दे." पुढच्या वेळी तुम्ही अचानक वर होतात. तुमचा आवाज डोक्यावरून येत होता: "वर बघू नको. समोर बघ. कोपरं ताठ. श्वास सोड. आता उतरव. टाकायचं नाही, उतरवायचं." दोन महिने मी फक्त तुम्हाला उचललं. तुम्ही हसणाऱ्या पोरांकडे एकदाही वळून पाहिलं नाहीत. मी मात्र रोज बघायचो.

तिची-माझी जोडी लावल्यावर तुम्ही आम्हाला रविवारी सकाळी तुमच्या गिरगावच्या घरी बोलवायचात. तिसरा मजला, दोन खोल्या, आतल्या खोलीत ओटा आणि त्याच्या समोरच टीव्ही, कारण बाहेरच्या खोलीत तुमचे धाकटे भाऊ प्रुफं तपासत बसलेले असायचे. मी दारात दिसलो की ते मान वर न करता म्हणायचे, "ये रे पैलवान." तुमच्याकडे परदेशातून कुणीतरी पाठवलेली एक व्हिडिओ कॅसेट होती, बर्फावर जोडीने स्केटिंग करणाऱ्यांची. आम्ही दोघं पाटावर बसतो आहोत, ती वेणी पुढे घेऊन, मी भिंतीला टेकून. तुम्ही एका हाताने तव्यावरचं थालीपीठ उलटता आणि दुसऱ्या हाताने चित्र थांबवता. पडद्यावर त्या माणसाचा हात सरळ वर गेलेला, तळव्यावर बाईच्या कमरेचं हाड, आणि ती हवेत आडवी. तुम्ही उलथन्याचं टोक पडद्यावर ठेवता. "हे बघ. त्याची मान बघ. तो तिच्याकडे बघतच नाहीये. तिचं वजन कुठे आहे हे त्याला तळव्यातून कळतंय." मग तुम्ही मला पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर धरायला लावता, हात ताठ, आणि त्या चार फुटांच्या स्वयंपाकघरात जागच्या जागी पाय बदलत गोल फिरायला सांगता. पाणी माझ्या मानेवर सांडतं. ती ओट्याला टेकून हसते. तुम्ही म्हणता, "हसू नकोस, हे पाणी म्हणजे तू आहेस." त्यावर ती हसायची थांबली होती, हे मला आता आठवलं.

तिच्या घरचं मी तुम्हाला कशाला सांगू, तुम्हीच तर मला तिथे नेलंत. ती दादरची, वडील बँकेत अधिकारी. मुलगी स्केटिंग करते याचा त्यांना अभिमान होता, पण कुणीतरी मुलगा तिला उचलणार हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. आपण दोघं त्यांच्या दिवाणखान्यात बसलो. त्यांनी मला विचारलं, "राहतोस कुठे?" मी लालबाग म्हटलं. "वडील?" मी म्हटलं, "गिरणीत होते." त्या 'होते'वर त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. तुम्ही म्हणालात, "हा मुलगा मी निवडलाय. दोन महिने त्याने मला उचललंय. मला एकदाही अवघडल्यासारखं वाटलं नाही." मग त्यांनी कप परत उचलला नाही हे बघून तुम्ही पुढे म्हणालात, "मी शब्द देते. मी समोर असल्याशिवाय हा तुमच्या मुलीला उचलणार नाही." जिना उतरताना तुम्ही मला म्हणालात, "ऐकलंस ना, मी काय बोलले ते?" मी म्हटलं, "हो बाई."

वर्षभर आम्ही दोन हातांच्या लिफ्ट केल्या. त्या मला येत होत्या, हे मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. ती माझ्या दोन्ही तळव्यांवर हात दाबून वर जायची, मी मागे जात जात दोन वळणं घ्यायचो आणि तिला अंडं ठेवावं तशी खाली ठेवायचो. मग तुम्ही एका हाताची सुरू केलीत. रिंकच्या कोपऱ्यात दोन गाद्या, तुम्ही दोन्ही हात वर करून शेजारी उभ्या, आणि आम्ही जागच्या जागी, चाकं न फिरवता. पहिले आठ दिवस तुम्ही मला फक्त पडायला शिकवलंत. "ती हातातून सुटतेय असं वाटलं की तू तिच्या खाली जायचं. पाठीवर पडायचं आणि तिला अंगावर घ्यायचं. ती जमिनीला लागता कामा नये. हे जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरा मुलगा बघते." मी त्या गादीवर किती वेळा पाठीवर पडलो असेन. ती माझ्या छातीवर यायची, श्वास अडकायचा आणि तुम्ही म्हणायचात, "परत." राज्य स्पर्धा पंधरा दिवसांवर आल्या होत्या. तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं, ही लिफ्ट यंदा नाही. पुढच्या वर्षी.

त्या शुक्रवारी तुम्हाला ऑफिसातून निघायला उशीर झाला. रिंकवर ती, मी आणि काही लहान मुलं होतो. कट्ट्यावर माझ्या ग्रुपची पोरं येऊन बसली. त्यातला एक म्हणाला, "काय रे, अजून कळशीच उचलतोस का?" मी त्यांना स्वयंपाकघरातली गोष्ट हसण्यावारी सांगितली होती, त्यावरून. पुढे मी स्वतःला खूप कारणं दिली. बाबांची गिरणी बंद होती, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी मुलाखत व्हायची होती, पदक हवं होतं. हे सगळं खरं आहे, पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. कट्ट्यावर ती पोरं होती, एवढंच. मी तिला म्हटलं, "चल, एका हाताची करू. पूर्ण. फिरत."

"बाईंनी नाही म्हटलंय."

"दुपारी त्यांचा फोन आला होता आमच्या खालच्या वाण्याकडे. म्हणाल्या, आजपासून सुरू करा, मी येतेच."

"गादीशिवाय?"

"गादीवर चाकं फिरतात का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही दिवसभर फोनवरच बसणाऱ्या. तुमचा फोन आला होता यात न पटण्यासारखं काय होतं? तिने वेणी गुंडाळून पिन लावली आणि म्हणाली, "बाई म्हणाल्या ना, मग ठीक आहे."

आम्ही मागे जात वेग घेतला. गुडघे वाकले, ती उडाली, वर गेली. माझा उजवा तळवा तिच्या कमरेखाली बरोबर बसला. मी डावा हात सोडला. ती माझ्या एका हातावर होती आणि माझी चाकं फिरत होती, आणि बाई, ते जमलं होतं. पहिलं वळण पूर्ण जमलं. दुसऱ्या वळणाला कट्टा समोर आला आणि ती पोरं बघताहेत की नाही हे बघायला मी मान वळवली. मानेपाठोपाठ खांदा वळला, कोपर उघडलं. तिचं वजन बोटांकडे सरकलेलं मला तळव्यात स्पष्ट कळलं, तुम्ही शिकवलं होतं तसंच कळलं. खाली जायला मला वेळ होता. फार नव्हता, पण गादीवर तेवढ्या वेळात मी गेलेलो होतो. मी बाजूला झालो. हात खेचून घेतला आणि बाजूला झालो. डोकं चाललं नाही, शरीराने आपोआप केलं, असं मी कित्येक वर्षं मनाशी म्हणत आलो. पण पाय माझेच होते. ती डाव्या कोपरावर आणि कमरेवर पडली. ओरडली नाही. तिच्या एका स्केटची चाकं फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

तुम्ही फाटकातून आत येत होतात. पर्स टाकून धावत आलात. तुम्ही कुणाला काही विचारलं नाहीत. खांद्यावरची ओढणी काढून तिचा हात गळ्यात बांधलात, एका मुलाला टॅक्सी आणायला पाठवलंत. टॅक्सीत तुम्ही तिला घेऊन मागे बसलात, मी पुढे. परळच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "बाई, तुम्हीच फोन केला होता ना? तुम्हीच सांगितलं होतं ना करा म्हणून?" मी समोरच्या काचेतून एका हातगाडीकडे बघत राहिलो.  मग तुम्ही म्हणालात, "बोलू नकोस, बाळा. हात हलेल." त्या क्षणी तुम्हाला कळलं होतं. मी मागे वळलो नाही.

घरी आईने विचारलं, "त्या पोरीक कसां आसा?" मी म्हटलं, ऑपरेशन आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. "खरां सांग, तुझी चूक नाय मा?" मी म्हटलं, "बाईंनी सांगितलं होतं." आईने देवाला हात जोडले. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला किती सोपं जातं हे मला त्या दिवशी समजलं.

आठ-दहा दिवसांनी क्लबच्या ऑफिसात बोलावणं आलं. टेबलामागे कमिटीचे तिघं, खिडकीपाशी तिचे वडील उभे. त्यांनी बसायला नकार दिला होता. तुम्ही ऑफिसातून परस्पर आला होतात, मांडीवर पर्स होती. सेक्रेटरींनी मला विचारलं, "बाईंनी तुम्हाला ही लिफ्ट करायची परवानगी दिली होती का?" माझ्या मुलाखतीला चार दिवस होते. सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही नव्हतात बघत. तुम्ही पर्सच्या चेनवर बोट फिरवत होतात. मी म्हटलं, "हो. फोनवर."

तिचे वडील तुम्हाला म्हणाले, "माझ्या घरात बसून तुम्ही शब्द दिला होता. तिचा हात आता सरळ होणार नाही म्हणतात डॉक्टर."

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

तुम्ही म्हणालात, "मी तिथे असायला हवं होतं. मी नव्हते. चूक माझी आहे." एवढंच. फोन केला होता असंही म्हणाला नाहीत, केला नव्हता असंही नाही. त्यांनी तुम्हाला त्या दिवसापासून रिंकवर यायला मनाई केली. बाहेर पडताना तुम्ही माझ्या शेजारून गेलात. मी बाजूला सरकून वाट दिली, आणि तुम्हीही थांबला नाहीत.

नोकरीसाठी प्रशिक्षकाचं पत्र लागत होतं. हेही लिहितो. दुसऱ्या कुणाकडून ते घेता आलं असतं, पण जोडीतलं माझं वर्षभराचं काम फक्त तुम्ही पाहिलं होतं. मी गिरगावला आलो. दार तुमच्या भावाने उघडलं. एरवी 'ये रे' म्हणणारे ते, त्या दिवशी म्हणाले, "या." त्या एका शब्दावरून मला समजलं की तुम्ही घरी सगळं सांगितलं आहे. आज सगळं कबूल करायचं असं मी जिन्यात ठरवलं होतं. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून वाल सोलत होतात. पत्राचं म्हटल्यावर तुम्ही हात पुसले, भावाकडून कागद मागून घेतलात आणि तिथेच ओट्यावर ठेवून लिहिलंत. सुंदर अक्षर होतं तुमचं. मी मेहनती आहे, शिस्तीचा आहे असं लिहिलंत. मला दिलंत. मग म्हणालात, "जेवून जा." मी जेवलो, बाई. वालाची आमटी-भात, खाली मान घालून, दोनदा भात घेऊन जेवलो. तुमचे भाऊ बाहेरच्या खोलीतून आत आले नाहीत. निघताना तुम्ही मला विचारलंत, "इस्पितळात जाऊन आलास का तिला बघायला?" मी हो म्हटलं. मी गेलो नव्हतो. तुम्ही दार हळूच लोटून घेतलंत.

त्या पत्रावर मला नोकरी लागली. त्या नोकरीवर घर झालं, लग्न झालं, मुलगा शिकला. माझं ऑफिसही फोर्टलाच, तुमच्या ऑफिसपासून पायी दहा मिनिटांवर. डबा खाऊन बाहेर फिरायला जाताना मी तुमचा रस्ता टाळून जायचो. पाच-सहा वर्षांनी रिंकवरचा जुना माळी भेटला, तो म्हणाला, "त्या स्केटिंगच्या बाई गेल्या. पोटाचा आजार होता म्हणे. रिंकवर परत कधी आल्या नाहीत." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, झाला महिना. मी घरी काही बोललो नाही. भेटायला गिरगावला गेलो नाही. तुमच्या भावाने पुन्हा 'या' म्हटलं असतं, ते मला ऐकवलं नसतं.

आता आजचं. त्या मान हलवण्यानंतर मी इस्पितळात दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तिच्याशी खांदा, गोळ्या, हवा यावर बोललो. तिसऱ्या वेळी सांगितलं. ती कोपराला पट्टा बांधून ओढण्याचा व्यायाम करत होती. मी म्हटलं, "फोन आला नव्हता."

"कुठला फोन?"

"त्या दिवशी. बाईंचा फोन आलाच नव्हता. मी तुला खोटं सांगितलं. नंतर कमिटीतही. आणि तू पडत होतीस तेव्हा मी बाजूला झालो."

तिने पट्टा सोडला नाही. मोजत असलेले आकडे पूर्ण केले, वीसपर्यंत. मग म्हणाली, "बाजूला झालास ते माहीत होतं मला. वरून सगळं दिसतं." तिने पट्टा गुंडाळून ठेवला. मला वाटलं ती उठून जाईल. "बाई घरी आल्या होत्या," ती म्हणाली. "माझं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात. दारात उभ्या होत्या, हातात काहीतरी डबा होता. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी आईला म्हटलं, सांग त्यांना, मी झोपलेय. नंतर परत एकदा आल्या. तेव्हाही मी झोपलेच होते." तिने चष्मा काढून हातात धरला. "तू मला पाडलंस त्याचं मला आता काही वाटत नाही रे. माणूस घाबरतो. पण बाईंना मी दारातून परत पाठवलं, ते तू माझ्याकडून करवून घेतलंस."

 ती निघताना म्हणाली, "त्यांचे भाऊ होते ना? असतील अजून. त्यांना सांगायला हवं. तू बोल, मी सोबत येते." मी म्हटलं, "आधी मी बघून येतो, आहेत का ते."

परवा संध्याकाळी मी गिरगावला गेलो. तुमची इमारत पाडली आहे. समोर पत्रे ठोकलेत, आत खोल खड्डा आणि त्यात क्रेन. ते पत्रे पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. मी परत फिरणार होतो, पण समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारल्याशिवाय आलो असं तिला सांगता आलं नसतं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "प्रुफवाले काका ना? आहेत की. मागच्या गल्लीत भाड्याने राहतात, बिल्डिंग होईस्तोवर. या टायमाला खालीच बसलेले असतात बाकावर." मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर अगदी डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मी बराच वेळ पानाच्या गादीआड उभा राहिलो आणि मग मुख्य रस्त्याला लागलो.

हे पत्र मी कुणाला देणार नाही. तुमचा पत्ता नाही, हे सांगायला बरं आहे, पण तुमच्या भावाचा आता मला माहीत आहे. काल तिचा फोन आला. मी म्हटलं, इमारत पाडली आहे, कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही.  ती म्हणाली, "फार उशीर केला आपण." ती 'आपण' म्हणाली, बाई. मी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला.